मोरसला गेलेल्या पूर्वजाचं मूळ गाव कसं शोधायचं? (मॉरिशस ते रत्नागिरी)

पाणंद (धागाकर्ता)

मॉरिशसच्या वाक्वा भागातल्या एका मराठी कुटुंबाला त्यांचा पहिला पूर्वज कुठल्या गावातून तिकडे गेला, ते शोधायचं आहे. हाताशी फारसं काही नाही. आडनाव आहे, पण ते मुळात कुणाचं तरी पहिलं नाव वाटतं, शेवटी 'जी' असलेलं. 'आपण रत्नागिरीचे' अशी घरातली समजूत आहे. पणजोबांचा 1903 चा जन्मदाखला आहे, तोही संक्षिप्त उतारा. घरी गणपती बसतो, गोंधळ घालतात, म्हाताऱ्या माणसांना जाखडीची गाणी येतात. त्या आडनावाचे रत्नागिरीतले पन्नासेक लोक फेसबुकवर गाठून झाले, हाती काही लागलं नाही. रत्नागिरीत नेमक्या कुठल्या कचेरीत जावं?

मोडीवाचक

इतक्यात रत्नागिरीतल्या कुठल्याच कचेरीत जाऊ नका. आधी मॉरिशसचे कागद पूर्ण होऊ द्या. शंभरातले नव्वद लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात आणि थकून सोडून देतात.

आडनाव तर या शोधातून बाजूलाच ठेवा. कोकणातून करारावर मजुरीला गेलेल्या माणसाची नोंद जहाजावर झाली ती 'स्वतःचं नाव, बापाचं नाव' अशी. आडनावाचा रकानाच नव्हता. पुढे तिकडे मुलं झाली तेव्हा नोंद करणाऱ्याने बापाचं पहिलं नाव मुलापुढे आडनाव म्हणून लावलं आणि पुढच्या पिढीत तेच कायम झालं. म्हणजे बाबाजी नावाच्या माणसाचे नातू-पणतू सगळे 'बाबाजी' आडनावाचे. रत्नागिरीत राहिलेल्या त्याच्या सख्ख्या भावाच्या घरात हे आडनाव कधीच नव्हतं, तिथे कदम असेल, घाग असेल, काहीही असेल. त्यामुळे रत्नागिरीत तसलंच आडनाव कुणी लावत असेल तर तो निव्वळ योगायोग समजा.

खरी किल्ली म्हणजे क्रमांक. मॉरिशसला उतरणाऱ्या प्रत्येक मजुराला, बायका-मुलांनासुद्धा, वेगळा क्रमांक मिळायचा आणि बेटावर असेपर्यंत तो बदलत नसे. करार, पास, लग्न, मुलांचे जन्म, मृत्यू, परतीचा प्रवास, सगळीकडे तोच. नावाचं स्पेलिंग दहा कागदांवर दहा प्रकारचं असेल, क्रमांक एकच असतो. तो मिळाला की निम्मं काम झालं.

आता 1903 चा दाखला. पणजोबांचे आईवडील बहुधा बेटावरच जन्मलेले असणार आणि तिथे जन्मलेल्यांना क्रमांक नसतो. म्हणून अजून एक पिढी मागे जावं लागेल. शिवाय संक्षिप्त उताऱ्यावर थांबू नका. नागरी नोंदणी कार्यालयातून मूळ नोंदीची पूर्ण प्रत मागा. आईवडिलांचे क्रमांक, साक्षीदार, कुठल्या साखरमळ्यावर राहत होते, हे सगळं मूळ नोंदीत असतं आणि उताऱ्यात नेमकं तेच गळतं. जुन्या नोंदी फ्रेंचमध्येही असतात, तेव्हा वाचायला तिकडचंच कुणीतरी सोबत हवं.

पाणंद

हे माहीतच नव्हतं. पूर्ण प्रती मागवायला सांगितलं आहे. एक अडचण आत्ताच दिसते आहे: पणजोबांच्या एका चुलत्याच्या दाखल्यावर वडिलांचं नावच नाही, फक्त आईचं आहे. घरात यावर कुणी बोलत नाही.

धक्क्यावरून

यात लपवण्यासारखं काही नाही, हे त्या कुटुंबाला आधी सांगा. हळद लागली, अक्षता पडल्या, सगळ्या वाडीने जेवण केलं, तरी सरकारी दफ्तरात लग्न नोंदवलेलं नसेल तर कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हतं. अशा जोडप्याची मुलं अनौरस म्हणून नोंदली गेली. बापाने जातीने जाऊन मूल आपलं असल्याचं कबूल केलं तर त्याचं नाव चढायचं, नाहीतर आईचंच. भारतातून गेलेल्या हजारो घरांत हे असंच झालेलं आहे.

शोधाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की आईचा क्रमांक बापाच्या क्रमांकाइतकाच मोलाचा आहे. पुष्कळदा आडनाव म्हणून चालत आलेलं नाव आजोबांचं नसून आजीच्या बापाचं निघतं. तेव्हा दोन्ही बाजू धरून चला. सगळ्या भावंडांचे दाखले काढा, फक्त थेट वंशातल्याचे नकोत. एका भावाच्या नोंदीत जे सुटलं ते दुसऱ्याच्या नोंदीत सापडतं. आधी जन्मलेल्या मुलांना आईबापांनी पुढे लग्न नोंदवताना औरस करून घेतलं असेल तर ते त्या लग्नाच्या नोंदीत लिहिलेलं असतं, म्हणून लग्नाची नोंद मुलांच्या जन्मानंतरच्या वर्षांतही शोधा. त्या काळी हे सर्रास होतं.

क्रमांक हाती आला की मोका इथली महात्मा गांधी संस्था. स्थलांतरितांची मूळ रजिस्टरं तिथे आहेत. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट म्हणजे 1849 पासूनचा मजूर उतरवण्याचा डेपो, 2006 पासून जागतिक वारसा. तिथल्या त्या सोळा पायऱ्या जरूर पाहाव्यात, पण नोंदीचा दाखला मिळतो तो मोक्याला. अर्ज वंशजानेच करायचा असतो आणि अर्जदारापासून स्थलांतरितापर्यंतची साखळी जन्म-लग्न-मृत्यूच्या दाखल्यांनी जोडावी लागते. मधली एक कडी नसली की अर्ज अडकतो. स्पेलिंग बदललेलं असेल तर तेही आधीच टिपणात लिहून द्या: कुठल्या दाखल्यात काय आणि कुठल्यात काय.

पाणंद

रजिस्टरच्या एका नोंदीत नेमकं काय काय असतं?

धक्क्यावरून

क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख, पहिला मालक किंवा मळा. सगळेच रकाने भरलेले असतात असं नाही. सुरुवातीच्या वर्षांतल्या नोंदी त्रोटक आहेत.

खुणेच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नका. 'डाव्या भुवईवर व्रण', 'तोंडावर देवीचे वण', बाईच्या नोंदीत गोंदण, अशी ती वर्णनं असतात. एकाच जहाजावर एकाच नावाचे दोन रामजी असले, दोघांच्या बापांचं नाव धोंडू असलं, तर हीच खूण पुढच्या पासावरच्या वर्णनाशी ताडून माणूस वेगळा काढता येतो. 1860 च्या दशकाच्या मध्यापासून छायाचित्रंही काढू लागले, आणि 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांना फोटोचा पास जवळ बाळगणं सक्तीचं झालं. सगळे फोटो टिकलेले नाहीत, पण विचारायला विसरू नका. खापरपणजोबांचा चेहरा मिळणं ही काय गोष्ट असते, ते ज्या घरात मिळतो तेच जाणतं.

मूळ नोंदीच्या आजूबाजूला नंतर लिहिलेले शेरे असतात: कुठल्या साली मेला, कुठल्या जहाजाने परत गेला, पास हरवला म्हणून दुसरा दिला. दाखला मागताना हे शेरेही उतरवून मागा. 'परत गेला' असा शेरा असेल आणि बेटावर मुलं त्यानंतर जन्मलेली असतील, तर चुकीचा माणूस धरला आहे किंवा तो परत येऊन पुन्हा नोंदला गेला आहे. परत आलेल्याला नवा क्रमांक मिळालेला असू शकतो. या एका गोष्टीने कितीतरी वंशावळी भरकटल्या आहेत.

कातळशिल्प

गावाच्या नावावर येतो, कारण खरी दमछाक इथेच होते.

मराठी माणसाने मालवणी किंवा संगमेश्वरी उच्चारात सांगितलेलं गाव इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाने ऐकलं, आणि मग फ्रेंच वळणाच्या कारकुनाने ते उतरवून घेतलं. रत्नागिरीचं 'रटनाघेरी' होतं, ठाण्याचं 'तन्ना', सावंतवाडीचं 'सावंत वारी'. 'वाडी' जवळजवळ नेहमी 'वारी' असतं. 'ळ' कधी ल, कधी र. 'व' च्या जागी ब. आखूड 'अ' साठी इंग्रजी 'यू', 'ऊ' साठी दोन 'ओ', 'ई' साठी दोन 'ई'. हस्ताक्षरात इंग्रजी 'एन' आणि 'यू' यांत फरक दिसत नाही. त्यामुळे लिहिलेलं नाव डोळ्यांनी वाचून उपयोग नाही, मोठ्याने म्हणून बघा, आणि त्या तालुक्यातल्या माणसाला ऐकवा. तो ऐकताक्षणी गाव सांगतो.

दुसरं, आजचे तालुके-जिल्हे डोक्यातून काढा. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जायचे: सुवर्णदुर्ग, अंजनवेल, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण. नोंदीत विजयदुर्ग असेल तर त्या किल्ल्यापाशीच शोधत बसू नका, देवगडाकडचा सगळा टापू त्यात येतो. सुवर्णदुर्ग म्हणजे आजचं दापोलीकडचं. अंजनवेल म्हणजे गुहागर-चिपळूण. सिंधुदुर्ग जिल्हा तर 1981 मध्ये निघाला, त्यामुळे मालवणचा माणूस कागदावर 'रत्नागिरीचा' आणि सावंतवाडीचा माणूस संस्थानातला म्हणून वेगळा. कुलाबा जिल्हा 1869 चा, तेव्हा त्याआधीच्या नोंदीत 'ठाणे' आलं तर आजचा रायगडही धरा. आणि 1848 पर्यंत सातारा संस्थान होतं हेही लक्षात असू द्या.

तिसरं, एकाच नावाची गावं. शिरगाव रत्नागिरीजवळ आहे, चिपळुणात आहे आणि देवगडातही आहे. तालुका न कळता गाव पक्कं करू नका. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, 1880 चा आहे. जुनी नावं आणि तालुक्यांच्या हद्दी ताडायला तो उत्तम.

आणि रकान्यात नुसतं 'बॉम्बे' असेल तर ते बहुतेक वेळा जहाज सुटलेलं बंदर. तेवढ्यावरून मुंबईचा माणूस ठरवू नका. मुंबई बंदरातून कोकणातलेच नव्हे, घाटावरचे आणि त्याही पलीकडचे लोक गेले.

मोडीवाचक

कातळशिल्प यांच्याशी पूर्ण सहमत. जातीच्या रकान्याबद्दल तेवढीच काळजी घ्या. 'मराठा' असं लिहिलेलं असेल तर कारकुनाला जात म्हणायची होती की मराठी मुलूख, ते त्या एका शब्दावरून कळत नाही. 'परवारी' म्हणजे महार, मुंबई इलाख्यात इंग्रज हाच शब्द वापरायचे. 'कुनबी', 'कोन्बी' सरळ आहेत. 'कुली' असेल तर मात्र थांबा, ती कोळी जात असू शकते किंवा नुसता मजूर. आज घरात जी जात सांगतात तिच्याशी रकाना जुळत नसेल तर रकाना खोटा ठरवू नका आणि घरच्यांनाही खोटं पाडू नका. दोन्ही टिपून ठेवा.

वयाचंही तसंच. वीस, पंचवीस, तीस असे गोल आकडे म्हणजे कारकुनाचा अंदाज. पाच-सात वर्षांचा फरक सहज गृहीत धरावा.

पाणंद

समजा गाव पक्कं झालं. मग तरी रत्नागिरीत कुठे जायचं?

खाजण

आता कचेऱ्यांची वेळ आली. पण अपेक्षा नेमकी ठेवा: 1850-60 च्या सुमारास गेलेला माणूस स्वतः आपल्याकडच्या महसुली कागदांत सापडण्याची शक्यता कमीच. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर 14, जन्म-मृत्यूची नोंद, बहुतेक गावांत त्यानंतरची आहे. शोधायचे ते मागे राहिलेले भाऊ, पुतणे आणि त्यांचे वंशज.

कोतवाल बुक तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतं, मोडीत. अर्जात गाव, तालुका, नमुन्याचं नाव आणि पाच-दहा वर्षांचा टप्पा लिहा. 'आमच्या पूर्वजांची माहिती मिळावी' असा मोघम अर्ज केला की 'अभिलेखात आढळून येत नाही' हे उत्तर ठरलेलं. कागद पाहायला मिळाले तर मोडी वाचणारा सोबत न्या.

रत्नागिरीत जमिनीच्या कागदांत एक मोठी गोम आहे. जिल्ह्यात खोती होती, म्हणजे गावाचा सारा सरकारला भरायचा तो खोत. कसणारा कुणबी किंवा महार हा खोताचं कूळ. सरकारदप्तरी सारा भरणारा म्हणून खोताचं नाव, कुळाचं नाव खोताच्या बोटखतात, म्हणजे त्याच्या कुळांच्या नोंदीत. ही बोटखतं पुष्कळदा सरकारकडे नाहीत, जुन्या खोतांच्या घरी पेटाऱ्यात आहेत. खोताच्या वंशजांशी नीट बोलून, वेळ देऊन ती पाहता आली तर गावातली सगळी कुळं वाडीवार मिळतात. पुढे सर्व्हे झाला तेव्हाची पत्रकं, क.ड.ई. पत्रक वगैरे, भूमी अभिलेख कार्यालयात असतात. हक्कनोंदी त्यानंतरच्या, विसाव्या शतकातल्या. त्यातले वारसाचे फेरफार घराणं जोडायला फार उपयोगी.

घराणं कुणबी असेल तर आणखी एक सोय झाली आहे. कुणबी नोंदी शोधायला 2023 मध्ये नेमलेल्या शिंदे समितीच्या कामासाठी तहसील, भूमी अभिलेख, शाळा यांची जुनी दप्तरं चाळली गेली आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर सापडलेल्या नोंदी गाववार चढवल्या आहेत. तो शोध जातीच्या दाखल्यांसाठी होता, पण आपल्याला घरबसल्या गावातली शंभरेक वर्षांपूर्वीची नावं बघायला मिळतात.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या सगळे सुचवतात. ज्या घराण्यातले लोक यात्रेला जाऊ शकले त्यांची नावं तिथे आहेत. दुष्काळाने, कर्जाने गाव सोडलेल्या कुळाची नावं तिथे असतीलच असं नाही. वही पाहायची तर गाव, जात आणि आडनाव तीनही लागतात, म्हणजे हा टप्पा अगदी शेवटचा.

भावकी

कागद संपतात तिथे गाव सुरू होतं. पण गावात जाऊन 'मॉरिशसला गेलेला कुणी ठाऊक आहे का?' असं विचारू नका. जुन्या माणसांच्या तोंडी मॉरिशस नाही, मोरस आहे. मोरस साखर म्हणत ना, तेच हे मोरस. 'कुणी मोरसला गेलेला, परत न आलेला' असं विचारा.

आधी मॉरिशसच्या घरातून चार गोष्टी काढून घ्या: कुलदैवत कुठलं म्हणतात, लग्नात देवक कशाचं बांधतात, गोंधळात कुठल्या देवाला 'ये' म्हणून बोलावतात, आणि जाखडीच्या गाण्यात गावाचं किंवा ग्रामदेवतेचं नाव येतं का. गोंधळाची हाक तर शब्दन् शब्द ध्वनिमुद्रित करा. त्यातल्या देवांच्या यादीत मूळ गावची ग्रामदेवता दडलेली असू शकते, म्हणणाऱ्यांना अर्थ माहीत नसला तरी. कळंब की उंबर की पंचपल्लव, एवढं देवक कळलं तरी गावातल्या चार भावक्यांपैकी दोन गळतात.

गावात पहिली भेट गुरवाची आणि मानकऱ्यांची घ्या. शिमग्यात पालखी घरोघर जाते तो क्रम ठरलेला असतो, त्यावरून कुठली घरं एका मुळाची ते कळतं. बंद पडलेलं घर, नुसता चौथरा राहिलेली जागा, तिच्या नावाने अजून नारळ कोण देतं, हेही विचारा.

एक विनंती कळकळीची. कागदाने जुळण्याआधी 'हे तुमचे भाऊबंद' असं कुणालाही सांगू नका. जमिनीत वाटा मागायला आले, अशी शंका एकदा गावात शिरली की बोलती माणसंही गप्प होतात. वाटा नको, नातं हवं आहे, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

सडा

डीएनए चाचणी करून थेट उत्तर नाही का मिळणार?

मोडीवाचक

इथे फार थोडं. पणजोबांचे आजोबा म्हणजे पाच पिढ्या वर, त्यांचा वाटा सरासरी 3 टक्के. त्यांच्या भावाच्या आजच्या वंशजाशी ताडून पाहिलं तर बहुतेक वेळा काहीच सामाईक दिसत नाही. त्यात कोकणातल्या वाडीतल्या किती जणांनी चाचणी केली आहे? शिवाय पिढ्यान् पिढ्या जवळपासच्याच गावांत सोयरिकी झाल्यामुळे दूरचं नातं जवळचं भासतं. कागदाने दोन घरं समोरासमोर आणली आणि दोन्हीकडे अखंड पुरुषवंश असेल, तर बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी पडताळ्यापुरती करावी. सुरुवातीला पैसे घालवू नका.

आणि आणखी एक. 'आमचा पूर्वज सत्तावन्नच्या बंडातला शिपाई होता, पकडू नये म्हणून जहाजावर चढला' ही कथा बऱ्याच घरांत ऐकू येते. उतरल्याची तारीख पाहा. 1857 च्या आधीची असेल तर प्रश्न मिटला. नंतरची असली तरी तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

पाणंद

पूर्ण प्रती आल्या. पणजोबांच्या वडिलांचा जन्म 1871 चा, ब्लॅक रिव्हर भागातल्या मळ्यावर. नोंदीत आईवडील दोघांचेही क्रमांक आहेत, आणि दोन क्रमांकांत बरंच अंतर आहे. कुटुंबाला ओसीआय कार्डासाठीही (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) हे कागद हवे आहेत.

धक्क्यावरून

फार छान. अंतर आहे म्हणजे दोघं वेगवेगळ्या जहाजांनी आले, लग्न बहुधा बेटावरच जमलं. तेव्हा दोघांची गावं वेगळी असू शकतात, आईचा अर्ज स्वतंत्र करा. तिचं गाव हेही त्या कुटुंबाचं मूळ गावच आहे.

ओसीआयसाठी सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना पात्र धरण्याची घोषणा मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या दौऱ्यात झाली. तिथेही हीच साखळी लागते, म्हणून प्रत्येक दाखल्याची जादा प्रत आत्ताच काढून घ्या.

मोक्याला अर्ज करताना एक वाक्य जोडा: या क्रमांकाच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा-दहा नोंदींत कुठली गावं आहेत ते पाहून सांगावं. क्रमांक उतरणीच्या क्रमाने दिले जात. गावकरी, मेहुणे, चुलते एकत्र निघत, बोटीवर एकत्र राहत आणि रांगेतही एकामागे एक उभे राहत. तुमच्या माणसाच्या गावाचं नाव पुसट असेल तर शेजारच्या ओळीत ते स्वच्छ लिहिलेलं सापडू शकतं.

कातळशिल्प

नोंद आली की गावाचं नाव जसं लिहिलं आहे तसं, अक्षर न अक्षर, इथे टाका. स्वतः दुरुस्त करून टाकू नका. मूळ स्पेलिंगवरूनच उच्चार काढता येतो.